'काल गेलो होतो' : इंग्रजीत 'हॅड' का नको?

खडूफळा
मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती हे भूतकाळाचे चार प्रकार मुलांनी मराठीच्या तासाला आधीच पाठ केलेले असतात, आणि 'पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट' अशी जोडी गाईडांतही छापलेली आढळते. त्यामुळे 'काल आम्ही रायगडला गेलो होतो' याचे भाषांतर जवळजवळ सगळा वर्ग 'वी हॅड गॉन टू रायगड यस्टर्डे' असे करतो. येथे 'वी वेन्ट' हवे, हे मला ठाऊक आहे. परंतु वाक्यात 'होतो' ढळढळीत दिसत असताना 'हॅड' का घ्यायचा नाही, असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला पटेल असे कारण काय द्यावे?

ओसरी
मुलांचे मराठी पक्के आहे म्हणूनच हा घोटाळा होतो, हे आधी सांगतो. 'तो पुण्याला गेला आहे' म्हटले की तो अजून तिकडेच आहे, आणि 'गेला होता' म्हटले की तो जाऊन परत आला, असे ऐकणारा सहसा धरून चालतो. म्हणजे अशा वाक्यांत आपला 'होता' एवढेच सांगतो, की गोष्ट घडून गेली आणि तिचा परिणाम आता उरलेला नाही. इंग्रजीतील 'हॅड'ला मात्र तेवढे पुरत नाही; त्याला भूतकाळातलाच दुसरा एक क्षण लागतो, ज्याच्या आधी ही क्रिया उरकलेली असते. हान्स रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने 1947 मध्ये याची मांडणी तीन वेळांच्या आधारे केली: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ आणि जिथे उभे राहून आपण घटनेकडे पाहतो ती वेळ. 'वेन्ट'मध्ये घटना आणि पाहण्याची जागा एकच असते, तर 'हॅड गॉन'मध्ये पाहण्याची जागा भूतकाळात असते आणि घटना तिच्याही मागे. रायगडच्या वाक्यात तो दुसरा क्षणच नाही.

वर्गात नियमाऐवजी दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' आणि 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट'. पहिल्यात फलाट रिकामा आहे. दुसऱ्यात गाडी आपल्या डोळ्यांदेखत सुटते आहे. कोणत्या वाक्यात धावत जाऊन गाडी पकडता आली असती, एवढेच मुलांना विचारावे.

धोपटमार्गी
वरील उत्तर बरोबर आहे, पण त्यावरून मुले 'दोन क्रिया दिसल्या की एकीला हॅड' असा नवा नियम करून बसतील. 'बिफोर' किंवा 'आफ्टर'ने क्रम उघड होत असेल, तर 'द ट्रेन लेफ्ट बिफोर वी रीच्ड द स्टेशन' हेही शुद्धच आहे, आणि परीक्षेत त्याचे गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. उलट दुसरा क्षण त्याच वाक्यात असावा लागतो असेही नाही. 'द चिल्ड्रन वेअर टायर्ड. दे हॅड क्लाइंब्ड रायगड.' येथे तो आधीच्या वाक्यात आहे, आणि रायगडलाही 'हॅड' शोभून दिसतो!

शिरपेच
'होतो'इतकाच 'आहे'ही फसवतो. 'मी कालच पैसे भरले आहेत' हे निर्दोष मराठी आहे. 'आय हॅव पेड यस्टर्डे' मात्र चुकते, कारण संपून गेलेल्या वेळेचे नाव घेतले की इंग्रजीत 'हॅव'ला जागा उरत नाही. तेथे 'आय पेड यस्टर्डे' म्हणावे, किंवा 'काल' गाळून 'आय हॅव पेड'. कार्यालयीन ईमेलमध्ये ही चूक फार दिसते.

एका बाबतीत मात्र इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे. आपण आंबा 'खाल्ला', पोळी 'खाल्ली' आणि पोहे 'खाल्ले' म्हणतो. तेथे सगळ्यांना एकच 'एट'. हे सांगितले की वर्ग जरा सुखावतो.

खडूफळा
सर्वांचे आभार. गाडीचे उदाहरण उद्याच घेते. आता रीती भूतकाळाचे काय? 'आम्ही रोज नदीवर जायचो' याला 'युज्ड टू' द्यावे की 'वुड'?

ओसरी
'युज्ड टू गो' निर्धास्तपणे द्यावे. 'एव्हरी डे' सोबत असेल तर साधे 'वेन्ट'ही पुरते. 'वुड' पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतीला चालतो, पण स्थितीला नाही, आणि जुना काळ आधी सांगितलेला असला तरच तो नीट कळतो. 'अंगणात पूर्वी फणस होता' येथे 'देअर युज्ड टू बी' हेच हवे. नववीपर्यंत 'वुड' बाजूला ठेवला तरी काही अडणार नाही.