‘करतात खूप, पण बोलून दाखवतात’: या स्वभावाला शब्द कोणता?

लालबागकर:
एका स्वभावासाठी शब्द शोधतेय. आमच्या चाळीत एक काका होते. बाबा हॉस्पिटलात असताना रक्ताच्या चार बाटल्यांसाठी माणसं उभी केली ती त्यांनीच, आणि रात्री वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर झोपले तेही तेच. हे मी कधी नाकारणार नाही. पण त्यानंतर आमच्याकडे पूजा असो की बारसं, काका प्रसादाचा द्रोण घेऊन नव्या पाहुण्याला गाठायचे आणि ‘चार बाटल्या’ सुरू व्हायच्या. एका सत्यनारायणाला बाबांनी चारचौघांत आधी डॉक्टरांचे आभार मानले. काकांनी शिऱ्याचा द्रोण तसाच खिडकीत ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. पुढे दोन महिने जिन्यात समोर आले तरी मान वळवायचे.

त्यांना दांभिक म्हणवत नाही. दंभ म्हणजे आत एक, बाहेर एक; इथे मदत खरी होती. आत्मकेंद्रित म्हणावं, तर दिवसभर दुसऱ्यांच्याच कामात. मग काय?

बोरिवलीकर:
आत्मरती. समीक्षेत नार्सिसिझमला हा शब्द चालतो. तळ्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेला ग्रीक कथेतला नार्सिसस त्याच्या मुळाशी आहे. स्वमग्नता मात्र नको, तो ऑटिझमसाठी रुळलाय.

गिरगावकर:
आत्मरती म्हटलं की आरशासमोरचा माणूस दिसतो. काकांचा आरसा म्हणजे समोरच्याचे डोळे. मानसशास्त्रातही पूर्वी या स्वभावाचं माप हुशारी, रूप, हुकमत यांच्याच गर्वावरून घेतलं जाई. २०१२ साली योखन गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की तीच मोठेपणाची भूक चांगुलपणातूनही भागवली जाते. त्यांच्या १६ विधानांच्या प्रश्नावलीत ‘माझ्या ओळखीत माझ्याइतका मदतीला धावणारा कुणी नाही’ अशा आशयाचं विधान आहे. याला त्यांनी ‘कम्युनल नार्सिसिझम’ म्हटलं. त्याचं भाषांतर ‘जातीय’ असं कृपा करून कुणी करू नये! इथे कम्युनल म्हणजे माणसं जोडण्याचं, आपुलकीचं.

मला गीतेतला ‘आत्मसंभावित’ सर्वांत जवळचा वाटतो (अध्याय १६, श्लोक १७). मराठीत संभावित म्हणजे प्रतिष्ठित. चार लोकांनी द्यायची ती प्रतिष्ठा ज्यानं स्वतःच स्वतःला देऊन टाकली, तो आत्मसंभावित. त्याच श्लोकात अशी माणसं नावापुरते यज्ञ करतात असं म्हटलंय. याची उलट बाजू ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आहे. शेतकरी पेरलेलं बी मातीनं झाकतो, तसं अदंभी माणूस आपलं दानपुण्य झाकतो. किती नेमकं आहे हे! बी उघडं राहिलं तर पाखरं खातात, हे कुणब्याला सांगावं लागत नाही.

लालबागकर:
आत्मसंभावित मी लिहिताना नक्की वापरीन, पण जिन्यात उभं राहून कुणी तो बोलणार नाही. आई म्हणायची, “करतात खूप, पण बोलून दाखवतात.” यातला ‘दाखवतात’ फार मोलाचा आहे. नुसतं बोलणं नाही, केलेलं काम पुन्हा बाहेर काढून समोर मांडणं. तरी हा शब्दप्रयोग अपुरा पडतो, कारण त्या दिवशी काका एक अक्षर बोलले नव्हते. नुसता द्रोण ठेवला होता.

एक गोष्ट मला आत्ता लिहिताना जाणवली. उपकार घेणाऱ्यासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत: ऋणी, उपकृत, ओशाळा, मिंधा. आणि मिंधं करून ठेवणाऱ्यासाठी? तिथे मला एकही आठवत नाही. काका शेवटी आजारी पडले, तेव्हा बाबा रोज मऊ भाताचा डबा घेऊन वरच्या मजल्यावर जात. चौथ्या दिवशी काकांनी दार अर्धंच उघडलं आणि डबा हातात घेतलाच नाही. म्हणाले, “मी कुणाचा मिंधा होणार नाही.”