‘सक्तीचे औद्योगिकीकरण’ आणि ‘परकीय भांडवल’ : शब्द बरोबर आहेत का?

प्रश्न : सोव्हिएत काळावरचा एक रशियन लेख मराठीत आणतेय. ‘फोर्सिरोवान्नाया इंदुस्त्रिआलिझात्सिया’ला ‘सक्तीचे औद्योगिकीकरण’ चालेल ना? आणि ‘कन्सेशन’ म्हणजे सवलतच ना?

उत्तर : ताई, ‘सवलत’ नको. सवलत एसटीच्या तिकिटात मिळते. इथे १९२०च्या हुकुमाने परदेशी कंपन्यांना खाणी आणि जंगलं ठरावीक मुदतीसाठी चालवायला देण्याची सोय झाली. १९२५ साली लेना गोल्डफील्ड्स या ब्रिटिश कंपनीने सोन्याच्या खाणी घेतल्या, अमेरिकेचे उद्योगपती हॅरिमन यांनी जॉर्जियातल्या चियातुराचं मँगेनीज. पैसा कंपनीने घालायचा, सरकारला वाटा द्यायचा. आपल्याकडे याला सरळ ‘मक्ता’ म्हणतात.

‘फोर्सिरोवान्नाया’चा रोख वेगावर आहे. धडक मोहीम, धडक सिंचन विहीर, तसं ‘धडक औद्योगिकीकरण’ लिहा.

प्रश्न : पण सक्ती तर झालीच होती! आणि पहिल्या सोव्हिएत पंचवार्षिक योजनेतल्या (१९२८-३२) कारखान्यांत परकीय भांडवल होतं, असं सगळीकडे वाचलंय.

उत्तर : गल्लत तिथेच होते. भांडवल घालणाऱ्याची मालकी असते, नफ्यावर हक्क असतो. फोर्डने १९२९ साली करार केला, पण निझ्नी नोव्हगोरोदचा मोटार कारखाना त्याचा झाला नाही. स्टालिनग्रादच्या ट्रॅक्टर कारखान्याचे नकाशे डेट्रॉइटचा वास्तुविशारद अल्बर्ट कानचे, मॅग्निटोगोर्स्कच्या पोलाद कारखान्याचा आराखडा क्लीव्हलंडच्या मॅकी कंपनीचा. या मंडळींनी पैसे घातले नाहीत, मोजून घेतले. तेव्हा १९२८ नंतरच्या काळासाठी ‘परकीय तंत्रज्ञान’ आणि ‘परकीय यंत्रसामग्री’ म्हणा. जर्मनीने दिली ती उधारी, तीही फेडायची होती.

फेडायची कशातून? शेतकऱ्यांकडून सक्तीने उचललेल्या धान्यातून. १९३० आणि १९३१, दोन्ही वर्षी पन्नास लाख टनांच्या आसपास धान्य परदेशी गेलं. मग १९३२-३३चा दुष्काळ. तेव्हा ‘तोर्गसिन’ नावाची सरकारी दुकानं होती. हे ‘परदेशीयांशी व्यापार’ या अर्थाच्या रशियन शब्दांचं लघुरूप, पण दारात रांग लागायची ती उपाशी सोव्हिएत माणसांची. बोटातली लग्नाची अंगठी काढून तराजूत ठेवायची आणि तेवढ्या सोन्याचं पीठ घेऊन घरी जायचं. यंत्रांच्या किमतीत ते सोनंही गेलं.

म्हणून ‘सक्तीची’ हा शब्द मी ‘धान्यवसुली’च्या आधी लावेन. कारखान्यांच्या आधी लावला की ज्याच्या कणगीतलं धान्य उचललं, तो शेतकरी वाक्यातून गायब होतो.