मदत हवी आहे: मांडीला बसतं ते कमरेला ढगळ! सायकलिंगचे कपडे मापात कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी. सायकल चालवायला लागून दीड वर्ष झालं. दहा-बारा किलोमीटर जायचे तोवर जुनी लेगिंग पुरत होती. आता सुट्टीच्या दिवशी ४०-५० होतात, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि बसायच्या जागेवर जास्त असतं.

म्हणून पॅडवाल्या शॉर्ट्स शोधायला लागले. माझी मापं: कंबर ७६, हिप १०४, मांडी ६२ सेंटीमीटर. कंबर बघून साइझ घेतली तर मांडीला सिलिकॉनची पट्टी रुतते, उतरवल्यावरही लाल वळ राहतात. हिप बघून घेतली तर कमरेला मागे अख्खा हात जाईल एवढी फट. एक शॉर्ट्स शिंप्याकडून कमरेत आत घेतली, तर पहिल्याच राइडमध्ये शिलाई टरकन उसवली! नशीब, जर्सी लांब होती.

जर्सीची वेगळीच तऱ्हा. छातीला बरोबर आली की पोटावर गोळा होते, हिपवर अडकून वर सरकते. ‘युनिसेक्स’ लिहिलेलं सगळं म्हणजे पुरुषांचंच, नाव तेवढं बदललेलं. १८९० च्या दशकात बायका ब्लूमर (घेरदार विजार) घालून सायकलवर बसल्या म्हणून केवढा गहजब झाला होता. एवढ्या वर्षांनी कपडे मापाचे तरी मिळावेत की नाही?

कुणी या फेऱ्यातून गेलं असेल तर सांगा. खांद्यावर पट्ट्या असलेल्या बिब शॉर्ट्सबद्दल ऐकलंय, पण बाथरूमचं काय करता?

प्रतिसाद
अगं, तुझ्या मापाला बिबच घे. कमरेला इलॅस्टिकच नसतं, खांद्यावरच्या पट्ट्यांवर सगळं राहतं, त्यामुळे हिपच्या मापाने घेतलीस तरी चालते. पॅडही जागचं हलत नाही. बाथरूमसाठी बायकांच्या बिबमध्ये काही सोय केलेली असते: कुठे मागे क्लिप, कुठे गळ्यातून जाणारा एकच पट्टा, कुठे मागचा भाग इतका ताणतो की जर्सी न काढता खाली ओढता येतो. नेहमीची पुरुषी बिब मात्र घेऊ नकोस, दर वेळी आधी जर्सी काढावी लागेल. बिब नकोच असेल तर बारीक इलॅस्टिकऐवजी रुंद पट्टा असलेली शॉर्ट्स बघ.

प्रतिसाद
शिलाई उसवली कारण साधी सरळ टीप ताणत नाही. लायक्रा ताणला की धागा तुटणारच. झिगझॅग टीप आणि बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई हवी. शिवणकाम करते म्हणून सांगते, पॅडच्या आसपास मात्र कुणाला सुई लावू देऊ नका.

प्रतिसाद
ताई, कपडे उभं राहून आरशात बघताय का? सायकलिंगचे कपडे वाकलेल्या शरीरासाठी बेतलेले असतात. जर्सी पुढून आखूड, मागून लांब. उभं असताना पोटावर गोळा होणारच. खुर्चीत बसा, हात हँडलवर ठेवल्यासारखे पुढे करा, मग बघा पाठ उघडी पडते का, काखेत काचतं का. मागचे खिसे भरूनही बघा. तरीही हिपवर अडकली तर पूर्ण उघडणारी चेन आणि खाली जरा घेर असलेली जर्सी शोधा, अंगाला घट्ट चिकटणाऱ्या ‘रेस फिट’च्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद
आगाऊ प्रश्न, राग मानू नकोस. आत अंडरवेअर घालतेस का?

मूळ प्रश्नकर्ती
अर्थात! नको का घालायला?

प्रतिसाद
नको! त्याच्याच शिवणी घासतात आणि घाम अडकतो. पॅड थेट अंगालाच लागायला हवं, म्हणून तर प्रत्येक राइडनंतर शॉर्ट्स धुवायची. धुताना कंडिशनर नको, कापड घाम शोषून बाहेर टाकेनासं होतं. आणि पॅड जाड म्हणजे चांगलं असं नाही. मऊ जाड स्पंज तासाभरात चेपतो आणि त्याच्या वळ्या टोचतात. घट्ट दाबाचं, मागे रुंद असलेलं घे. बायकांच्या बैठकीच्या दोन हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं, पुरुषांच्या पॅडवर ती हाडं कडेला येऊ शकतात. सॅडललाही, म्हणजे सायकलच्या सीटलाही, तेच लागू. पन्हळी पुठ्ठ्यावर जरा वाकून बस, उठल्यावर दोन खड्ड्यांच्या मध्यांतलं अंतर मोज. सॅडल त्याहून साधारण दोन सेंटीमीटर रुंद हवं.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. अंडरवेअरचं दीड वर्षात कुणीच कसं सांगितलं नाही! आणि आत्ताच पुठ्ठ्यावर बसून आले, घरच्यांनी विचित्र नजरेने बघितलं. अंतर १३.५ निघालं. सॅडल आहे १३ चं. आता बिब आधी घेऊ की सॅडल?

प्रतिसाद
सॅडल. आजच.