बोलता न येणाऱ्या दादाची आवड कशी ओळखावी?

प्रश्न
माझे थोरले बंधू ६१ वर्षांचे असून त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) आणि बौद्धिक अक्षमता आहे. त्यांना बोलता येत नाही; उजवा हात तेवढा थोडाफार हलतो. आई गेल्यापासून ते आमच्याकडे आहेत आणि खरे सांगायचे तर दिवसभर टीव्हीसमोर बसलेले असतात. ‘भजन लावू?’ म्हटले की मान डोलावतात आणि ‘क्रिकेट लावू?’ म्हटले तरी डोलावतात. त्यांना नेमके काय आवडते, हे कसे कळावे?

प्रतिसाद १ : विशेष शिक्षिका
मान डोलावली म्हणजे होकारच, असे धरू नका. ज्यांचे सगळे आयुष्यभर इतरांनीच ठरवले, त्यांना समोरच्याची मर्जी राखण्याची सवय लागलेली असते. ‘लावू का?’ असे विचारण्याऐवजी रेडिओ आणि रंगाची डबी अशा दोन खऱ्या वस्तू त्यांच्यासमोर धरा, एकेकीचे नाव घ्या आणि मग गप्प राहा. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड जाते. मनात पंधरापर्यंत आकडे मोजा, कारण आखडलेल्या स्नायूंना हात उचलायला वेळ लागतो. नजर एखाद्या वस्तूवर टिकली, तर तेही उत्तरच आहे. निवडलेली वस्तू लगेच द्या आणि पुढच्या वेळी बाजू बदला, नाहीतर हाताला सोपी पडणारी उजवीकडची वस्तू हीच त्यांची आवड, असा आपला समज होतो. मोतीबिंदू किंवा बहिरेपणा आलेला नाही ना, हे मात्र आधी तपासून घ्या.

प्रतिसाद २
माझ्या मावशीला ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजच्या गोष्टी स्वतः करता याव्यात म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) तळहाताएवढे बटण गाण्यांच्या यंत्राला जोडून दिले होते. दाबले की अर्धा मिनिट गाणे वाजे. पुढे ऐकायचे असेल तर पुन्हा दाबायचे. आम्ही हौसेने अभंग भरले होते, पण ती एकदा दाबून हात मागे घेई. लावणी लागली तेव्हा मात्र तिने लागोपाठ नऊ वेळा बटण दाबले. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते जरा जडच गेले.

प्रतिसाद ३
‘वय झाले, आता भजनच बरे’ हे आपणच ठरवून टाकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये संस्कृती आणि मनोरंजन यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. तोंड फिरवणे म्हणजे ‘नको’, आणि तो नकारही मान्य करायचा असतो.

प्रश्नकर्ती
आठ दिवस करून पाहिले. रेडिओ आणि मटाराच्या शेंगा समोर धरल्या, तर चार वेळा त्यांनी दोन्हींकडे न पाहता गॅलरीच्या दाराकडे पाहिले. शेवटी खुर्ची तिकडे नेली. पाचच्या सुमारास खाली शाळेच्या रिक्षातून मुले उतरू लागली, तेव्हा त्यांनी हात उचलला. रेडिओसोबत आता गॅलरीची किल्ली दाखवली तर चालेल का?

प्रतिसाद १ : विशेष शिक्षिका
अवश्य चालेल. फक्त त्यांनी किल्ली निवडली की दर वेळी गॅलरीतच न्या; ‘थोड्या वेळाने’ म्हणू नका.