शब्दचर्चा : ‘भरून येणे’ आणि ‘हुरहूर’

मागच्या रविवारी आम्ही घरी सगळ्यांनी मिळून ‘टॉय स्टोरी ३’ पाहिला. मोठा मुलगा पुढच्या आठवड्यात हॉस्टेलला जायचा आहे, आणि दादा जायच्या आधी हा सिनेमा एकदा एकत्र बघायचाच असा धाकटीचा हट्ट होता. संपल्यावर दिवा लावला तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, तू रडलास!”

“रडलो नाही गं, भरून आलं.”

“मग फरक काय?”

मला पटकन सांगता आलं नाही. चार दिवस डोक्यात तेच चाललंय, म्हणून इथे मांडतो.

माझ्यापुरतं उत्तर आभाळात सापडलं. आभाळ भरून येतं तेव्हा पाऊस पडलेला नसतो. तो पडेलही, किंवा वाऱ्याने ढग निघूनही जातील. माणसाचं भरून येणं तसंच. डोळे ओले होतात, घशात आवंढा येतो, पण पाणी गालावर यायलाच हवं असं नाही. ‘रडला’ म्हटलं की पाऊस पडून गेला.

दुसरा फरक व्याकरणातला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘मी रडलो’ यात मी कर्ता आहे, रडणं माझं काम. ‘मला रडू आलं’ म्हटलं की मी बाजूला झालो, रडू आपण होऊन आलं. ‘मला भरून आलं’ यात तर काय भरून आलं तेही सांगितलेलं नाही. ऊर भरून आला, डोळे भरून आले, कंठ दाटून आला, असं म्हणताना नाव असतं. ते गळालं आणि नुसतं ‘भरून आलं’ उरलं. ‘गलबलून आलं’, ‘भडभडून आलं’ यांचंही तसंच. व्याकरणात ‘मळमळतं’, ‘उजाडलं’, ‘सांजावलं’ यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात, कारण त्यांचा कर्ता वेगळा काढून दाखवता येत नाही. ‘मला गलबललं’ हे त्याच पंगतीतलं. सकाळ जशी कुणी उजाडवत नाही, तसं हे कुणी करत नाही, ते होतं. मुलीला मी ‘रडलो नाही’ म्हणालो ते खोटं नव्हतं.

यात ‘येणे’चं काम मोठं आहे. ‘मन भरलं’ म्हणजे तृप्ती, आता आणखी नको. ‘मन भरून आलं’ म्हणजे अगदी वेगळं. आणि ‘जखम भरून आली’ म्हणजे ती बरी झाली! एकच क्रियापद दुखण्यालाही आणि दुखणं बरं होण्यालाही. हा सिनेमा पाहताना मला दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे वाटले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हा अॅनिमेशनपट आहे, आणि यातली खेळणी माणसं नसताना जिवंत होऊन बोलतात-चालतात. पहिला भाग १९९५चा, दुसरा १९९९चा, आणि हा तिसरा थेट २०१०चा. ज्या अँडीची ही खेळणी, तो आता सतरा वर्षांचा झालाय आणि कॉलेजसाठी घर सोडतोय. त्याला आवाजही तिन्ही भागांत एकाच माणसाचा आहे, जॉन मॉरिसचा. तो मुलगा पडद्याबाहेरही खरोखर वाढत होता. पहिला भाग सहाव्या-सातव्या वर्षी पाहिलेली पोरंही तोवर कॉलेजच्या वयाची झाली होती. ऑस्करमध्ये याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीही नामांकन होतं. पारितोषिकं दोन मिळाली, अॅनिमेशनचं आणि गाण्याचं.

आता ज्या शब्दाने मला थांबवलं तो : अडगळ. सिनेमातला सगळा घोटाळा याच शब्दाभोवती आहे. आई मुलाला सांगते, खोली आवर, काय माळ्यावर जाणार आणि काय टाकायचं ते ठरव. तो खेळणी काळ्या पिशवीत भरतो ती माळ्यावर ठेवायला. पिशवी तशीच राहते, आईला वाटतं कचराच आहे, आणि ती बाहेर नेऊन ठेवते. पुढे ती खेळणी पाळणाघरात जाऊन पडतात ते यामुळेच. आपल्याकडे या गोष्टींची वर्गवारी नीट ठरलेली आहे. लागत नाही पण टाकवत नाही ती अडगळ. विकता येतं ते भंगार. कुणालाच नको तो कचरा. ‘अडगळीत पडणे’ आपण माणसांबद्दलही वाईट अर्थानेच वापरतो. पण अडगळ म्हणजे अजून घरात आहे, नजरेआड असली तरी आपल्याच छपराखाली. त्या खेळण्यांना माळा हवासा वाटतो तो त्यामुळे.

हे बोलताना मुलगा सहज म्हणाला, “माझा पिवळा डंपर होता ना, एक चाक नसलेला, तो कुठे गेला?” तो मीच एका दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला दिला. मला ती अडगळ वाटली नव्हती, भंगार वाटलं होतं. त्याला सांगितलं. तो “जाऊ दे” म्हणाला. मला मात्र तेव्हापासून रुखरुख लागलीय. हुरहूर नव्हे, रुखरुखच. रुखरुखीत आपल्या हातून झालेलं किंवा राहून गेलेलं काहीतरी असतं. चुटपुट तिची धाकटी बहीण, एखादी गोष्ट जेमतेम हुकल्याची. ‘हळहळ’ दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलही वाटते, म्हणून ती वर्तमानपत्रात ‘व्यक्त’ करता येते. रुखरुख व्यक्त केल्याचं कुणी ऐकलंय?

माझ्या आईला इंग्रजी कळत नाही, ती चेहरे बघत होती. कचरा जाळायच्या भट्टीच्या प्रसंगात खेळणी आगीकडे घसरत जातात, आधी धडपडतात, मग धडपड सोडून एकेक जण शेजारच्याचा हात धरतो. “अगं बाई, हात धरले गं!” एवढंच ती म्हणाली. तिच्या पोटात गोळा आला होता. वरून यांत्रिक पंजा येऊन त्यांना उचलतो तेव्हा जीव भांड्यात पडला. तिच्या भाषेत भावना पोटात असतात : गोळा, कालवाकालव, तुटणं. नातीला ‘कसंतरीच झालं’. नातू म्हणाला, “इमोशनल झालो.” त्यावर मला तक्रार नाही, त्याचं त्याला पोचलं. ‘भावुक झालो’ हेही हल्ली सर्रास चालतं, पण माझ्या कानाला भावुक हा स्वभाव वाटतो, घटका-दोन घटकांची अवस्था नाही.

‘गहिवर’ मी शेवटच्या प्रसंगासाठी राखून ठेवीन. अँडी छोट्या बॉनीच्या अंगणात बसून एकेक खेळणं तिच्या हाती देतो, प्रत्येकाचा गुण सांगतो. वुडीपर्यंत, म्हणजे त्याच्या सगळ्यात लाडक्या काउबॉय बाहुल्यापर्यंत, आल्यावर ती हात पुढे करते आणि हा नकळत वुडीला मागे ओढतो. ‘हात आखडणे’ आपण कंजूषपणासाठी वापरतो. इथे तो शब्दशः दिसतो, आणि त्यात कंजूषपणाचा लवलेशही नाही. मग तो देतोच. गहिवरतो माणूस तो असा, देताना किंवा मिळताना. आणि गहिवरणाऱ्याला कर्ता होता येतं : आजी गहिवरली.

हुरहूर याच्याही पलीकडची. भूक लागते, तहान लागते, ओढ लागते, तशी हुरहूर लागते. रडू येतं आणि जातं. लागलेली गोष्ट भागेपर्यंत राहते. तुकोबांच्या अभंगात ‘चुकलिया माये । बाळ हुरुहुरु पाहे’ अशी ओळ आहे. तिथे ती सगळी नजरेत आहे. बाळ रडत असेल-नसेल, तुकोबा ते सांगत नाहीत. ते फक्त ‘पाहे’ म्हणतात. आई दिसत नाही आणि डोळे शोधतायत. शिवाय हुरहूर आधीपासूनही लागते. माणूस अजून घरात असतो, जेवायला बसलेला असतो, तरी लागते. ‘विरह’ला त्यासाठी माणूस जावा लागतो.

एक प्रश्न माझ्याकडेही शिल्लक आहे. निघायच्या दिवशी अँडीची आई त्याच्या खोलीत येते, भिंती मोकळ्या झालेल्या बघते आणि तिचा श्वासच अडकतो. त्या क्षणी माझी बायको इतकंच म्हणाली, “ओकीबोकी झाली.” ओकंबोकं आपण गळ्याला म्हणतो, कानांना म्हणतो, मांडव उतरल्यावर अंगणाला म्हणतो. रिकामं आणि ओकंबोकं एक नव्हे. जिथे काही असायची सवय होती तेच ओकंबोकं होतं. कोकणात, विदर्भात, गोव्याकडे यासाठी वेगळा शब्द असेल तर तो जरूर सांगा, आणि कशाकशाबद्दल वापरतात तेही.

काल मुलगा टेबलाच्या वर लावलेलं शाळेचं जुनं वेळापत्रक भिंतीवरून काढायला गेला. कामाचं नाही म्हणून. हिने त्याचा हात धरला. “राहू दे रे, ओकीबोकी दिसेल.”