भरलेला ट्रक आणि ब्रेक

वर एकांनी लिहिलंय की माल भरला की टायरची पकड वाढते, त्यामुळे ट्रक लवकर थांबतो. पकड वाढते हे खरंच. पण वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढतं, त्यामुळे पकडीपुरतं पाहिलं तर फायदा शून्य. आणि भरलेल्या ट्रकची मर्यादा बहुधा टायर नसतो, ब्रेक असतो.

आकडे घालून बघा. ब्रेक जास्तीत जास्त ४८,००० न्यूटन बल देतो असं धरू. रिकामा ट्रक ८ टन: मंदन (वेग घटण्याचा दर) ४८,००० ÷ ८,००० = ६ मी/से². भरलेला १६ टन: फक्त ३. ताशी ६० किमी म्हणजे १६.७ मी/से, थांबायचं अंतर v²/२a (v वेग, a मंदन), म्हणजे २३ मीटरऐवजी ४६. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. आणि वेग दुप्पट केला तर हेच अंतर चौपट होतं!

घाटात उतरताना प्रकरण आणखी गंभीर. २० ला १ उतारावर (२० मीटर गेल्यावर १ मीटर खाली) १६ टनांना गुरुत्वाकर्षण सुमारे ७,८४० न्यूटनने पुढे ओढतं. वेग ६० वर स्थिर ठेवला तर त्वरण शून्य, म्हणून काही होत नाहीये असं वाटतं. पण टायरचं आणि हवेचं घर्षण सोडलं, तर ब्रेकच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात) सुमारे १३० किलोवॅट दराने उष्णता सतत तयार होत राहते. लायनिंग (ड्रमवर घासणारा ब्रेकचा थर) तापलं की घर्षण घटतं, ४८,००० चे २०,००० सुद्धा होऊ शकतात, आणि पेडल तितकंच दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं. न्यूट्रल तर कधीच नाही.