मदत हवी आहे: मुलांना 'संदेश' न देता विचार करायला लावणारी कार्यशाळा कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या एका गावात राहते. गावच्या वाचनालयात दर रविवारी आठवी ते अकरावीच्या पोरापोरींची कार्यशाळा घेते, चित्रं, कोलाज, भिंतीवरचं वर्तमानपत्र, गाणी, नाटुकली असं सगळं. निम्म्याहून जास्त पोरं ऊसतोडीच्या घरातली. दसरा-दिवाळी झाली की आईबाप कारखान्यावर जातात ते उन्हाळ्यातच परत येतात, काही पोरं सोबत जातात, काही आजीकडे राहतात.

यंदा गणपतीत मंडळाच्या स्टेजवर आम्हाला नाटकासाठी वेळ मिळालाय आणि विषय पोरांनीच निवडला, बालविवाह. आमच्याकडे हा घरोघरचा विषय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, आणि बीडमध्ये तेच प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जातं.

पण पोरांनी लिहून आणलेलं नाटक असं: दारुडा बाप, रडणारी आई, मधेच गुरुजी येऊन भाषण करतात, मग पोलीस, बाप माफी मागतो आणि शेवटी सगळे ओळीत उभे राहून घोषणा देतात. टाळ्या पडतील यात शंकाच नाही. पण शाळेच्या निबंधात जे लिहिलं की मार्क मिळतात तेच इथं उतरलंय, आणि यातल्याच एकदोघांच्या थोरल्या बहिणींची लग्नं सोळाव्या-सतराव्या वर्षी झालीत तरी त्या घरात नेमकं काय घडलं होतं त्यातलं एक वाक्य नाटकात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मागच्या रविवारी नाटकातल्या बापाला खुर्चीवर बसवलं आणि बाकीच्यांना म्हटलं, याला काय हवं ते विचारा, त्यानं बाप म्हणूनच उत्तर द्यायचं. बापाचं काम नववीतली एक मुलगी करते. आधी नेहमीचेच प्रश्न झाले, दारू का पिता वगैरे. मग एकानं विचारलं, पोरीला शिकवत का नाही? तर ती डोक्याचा टॉवेल सारखा करत शांतपणे म्हणाली, "सहा म्हयने आमी दोघं फडात. म्हातारी गेल्या साली वारली. हिला कुणाच्या भरवशावर ठिवू? तुझ्या घरी ठिवून घेतो का?" विचारणारा गप्प. वर म्हणाली, "अन लगीन झालं की पोराचा पुरा कोयता होतो, उचल भेटती."

(बाहेरच्यांसाठी सांगते, ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा माणूस, तो उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती त्या जोडीला, एकट्याला अर्धा कोयता धरतात.)

यावर गुरुजींचं काम करणारा पोरगा म्हणाला, "मॅडम, मग माझं भाषण कशाला?"

इथून पुढं कसं न्यायचं ते मला विचारायचंय. मी उत्तर दिलं तर ते माझं भाषण होणार, नाही दिलं तर बापाचंच बरोबर असं पोरांना वाटेल आणि ते मला अजिबात नकोय. मंडळाचे कार्यकर्ते म्हणतात वीस मिनिटं घ्या पण शेवटी संदेश पाहिजे, समोर मुकादम पण बसलेले असणार. आणि गटातल्या एका मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत असं कानावर आलंय, ती हल्ली फारशी बोलत नाही. सामान म्हणाल तर पुठ्ठा, रंग, जुने पेपर आणि मंडळाचा माईक एवढंच आहे. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

रोखठोक: ताई, मला वाटतं तुम्ही उगाच अवघड करताय. २००६ चा कायदा आहे, मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस, त्याच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हे गावाला ठणकावून सांगायलाच पाहिजे. बापाची बाजू मांडत बसलात तर लोक तीच घेऊन घरी जातील.

माळरान: रोखठोक, कायदा सांगायलाच हवा, पण तो त्या गावात सगळ्यांना माहीत आहे. लग्नं रातोरात उरकतात ती कायदा माहीत आहे म्हणूनच.

ताई, तुमच्या पोरीनं जे केलं ते सोन्यासारखं आहे, ते सोडू नका. आम्ही कॉलेजच्या पोरांबरोबर फोरम थिएटर करतो त्याचा इथं उपयोग होईल. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत बांधली, आपल्याकडे बंगालमध्ये जन संस्कृती हा नाट्यगट १९८५ पासून खेड्यापाड्यात काम करतोय. करायचं असं की सात-आठ मिनिटांचा प्रसंग बसवायचा आणि तो वाईटच संपवायचा, म्हणजे लग्न ठरतं, मुलगी गप्प. मग सूत्रधार लोकांना विचारतो, इथं कुणाला वेगळं काही करता आलं असतं? आणि प्रसंग परत पहिल्यापासून सुरू. बघणाऱ्यातल्या कुणीही "थांबा" म्हणायचं, वर यायचं आणि त्या मुलीच्या, आईच्या नाहीतर मोठ्या भावाच्या जागी उभं राहून स्वतः करून बघायचं. बाकीचे नट आपापल्या भूमिकेला चिकटून राहतात, बाप सहजासहजी ऐकत नाही, मुकादम उचलीचं बोलतोच.

नियम एकच कडक ठेवा, बापाच्या जागी कुणी यायचं नाही. नाहीतर कुणीतरी येऊन चांगला बाप होतो आणि सगळं जादूनं सुटतं, तुमच्या पोलिसांसारखंच. बदल ज्याच्यावर दाब आहे त्यानं शोधायचा. पाचसहा जण वर येऊन गेले की बापाची अडचण खरी आहे आणि तरीही लग्न हा त्यावरचा उपाय नाही, या दोन्ही गोष्टी पोरांना एकदमच दिसतात. रोखठोक, तुमच्या शंकेचं उत्तर पण यातच आहे, बापाच्या बाजूवर नाटक संपत नाही, तिथून सुरू होतं.

जुनी पाटी: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. दोन गोष्टी सुचवतो. जोतीरावांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या नाटकात विदूषक मधेमधे येऊन चाललेल्या प्रसंगावर बोट ठेवतो, म्हणजे हे बाहेरून आणलेलं खूळ नाही हे तुमच्या मंडळाला सांगा. आणि त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध ज्ञानोदयात छापून आला होता. तो पोरींना मोठ्यानं वाचायला द्या आणि एवढंच विचारा की ही कुणाशी भांडतेय, आणि पुरावा काय देतेय. आमच्या वर्गात त्यावर तासभर बोलणं चालायचं.

दुसरं, भिंतीवरच्या वर्तमानपत्रात पोरांकडून पैशाचं चित्र काढून घ्या. मधे त्या घरातली मुलगी, भोवती बाप, मुकादम, कारखाना, शाळा, ग्रामपंचायत, आणि कोण कुणाला काय देतं त्याचे बाण. दारुडा बाप एवढंच कारण धरून बसलेल्या पोरांना बाण कारखान्यापर्यंत जातो हे स्वतःच्या हातानं काढताना कळतं.

आणि "हिला कुठं ठिवू" हा प्रश्न हवेत सोडू नका. मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहं पण मंजूर झाली. आपल्या गावात यंदा आहे का, कितवीपर्यंतच्या पोरांना घेतात, मुलींच्या किती जागा, हे पोरांनीच मुख्याध्यापकांना आणि ग्रामसेवकांना जाऊन विचारावं, मिळालेली उत्तरं तारखेसकट भिंतीवर लावावीत. उत्तर मिळालं नाही तर तेही लावावं.

अबोली: मी बालसंरक्षणात काम करते म्हणून फक्त त्या मुलीबद्दल लिहिते. तिला नाटकात नवरीचं काम देऊ नका, गटासमोर तिच्या घराबद्दल कुणी काही विचारणार नाही हे आधीच ठरवून घ्या. तिच्याशी एकटीशी बोला पण "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण तारीख ठरली तर तुम्हाला सांगावंच लागेल. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कुणीही फोन करू शकतं, नाव गुप्त ठेवतात, आणि गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, अंगणवाडी ताईंचीही मदत होते. हे नाटकापर्यंत थांबवू नका, याच आठवड्यात करा.

प्रसंगातलं घर पण कुणाच्याही घरासारखं दिसायला नको, गावं, आडनावं, कामं सगळं बदला.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताई, आज संध्याकाळीच अंगणवाडीच्या ताईंकडे जाते, त्या मुलीच्या आईच्या ओळखीतल्या आहेत. जुनी पाटी सर, बाणांचं चित्र या रविवारीच घेतो, पोरांना असलं फार आवडतं. रोखठोक, वय आणि १०९८ चा बोर्ड स्टेजच्या बाजूला मोठ्या अक्षरात लावणार आहोत, मंडळाला हवा तो संदेश तिथं असेल.

माळरान, एकच विचारायचंय. सूत्रधार मी होऊ का? लोक आरडाओरडा करतील, मुकादमांपैकी कुणी वर येऊन भाषण ठोकेल, पोरांना ते झेपेल का अशी धाकधूक आहे.

माळरान: पोरांनाच होऊ द्या, तो "माझं भाषण कशाला" म्हणणारा पोरगा घ्या. तुम्ही स्टेजच्या बाजूला माईकचं बटण हाताशी ठेवून थांबा. मुकादम वर आला तर त्याला भाषण करू द्यायचं नाही, सूत्रधारानं विचारायचं, "काका, तुम्ही कुणाच्या जागी उभे राहताय? आईच्या की भावाच्या?" आणि प्रसंग लगेच सुरू करायचा. याची तालीम आधी वाचनालयात दोनदा तरी घ्या, मोठ्या आवाजाचा एखादा मामा बोलावून त्यालाच मुकादम करा, आणि प्रसंग कुठल्या वाक्यावर थांबतो ते ठरलं की इथं टाका, बघतो.